लाल ठिपक्याचा खेकडा

मधू गेल्याची बातमी मला आमच्या कॉलेजच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मिळाली. शहापूरच्या बाजारात भेंडी निवडत होतो, तेवढ्यात खिशात फोन थरथरला. ‘आंतरराष्ट्रीय ख्यातीचे संशोधक, आम्हा सर्वांचे मार्गदर्शक...’ अशी सुरुवात. मला वाटलं, कुणीतरी परका मोठा माणूस गेला असेल. खाली फोटो पाहिला तर मधू. मुरबाडचा मधू. हेच लोक त्याला स्टाफरूममध्ये ‘खेकडेमास्तर’ म्हणायचे, आणि गेली काही वर्षं त्यांच्यातलं कुणी त्याच्याशी धड बोलतही नव्हतं. फोटोखाली जोडलेल्या हातांची रांग लागली होती, त्यात पहिले हात विभागप्रमुखांचे. भेंडी तशीच पाटीत टाकली आणि मुरबाडची एस.टी. धरली. रडू वगैरे आलं नाही. राग मात्र इतका आला, की कंडक्टरला सुट्टे पैसे देतानाही मी त्याच्यावर खेकसलो.

आम्ही दोघं एकाच कॉलेजात होतो. तो वर डिग्रीला प्राणिशास्त्र शिकवायचा, मी खाली अकरावी-बारावीला गणित. मी जन्मात एकही शोधनिबंध लिहिला नाही आणि त्याचा मला भारी अभिमान आहे, कारण तो धंदा मी जवळून पाहिलाय. एकाने दोन पानं खरडायची आणि वर नावं घालायची ती लग्नपत्रिकेत आप्तेष्टांची घालतात तशी. तू माझं टाक, मी तुझं टाकतो. ज्याला खेकडा आणि कोळंबी यांतला फरक कळत नाही, तोही खेकड्यांवरच्या निबंधाचा सहलेखक. हे सगळं मी मधूला तोंडावर सांगायचो. तो हसायचा. ‘अरे, सगळेच तसे नसतात रे,’ म्हणायचा. त्याचा संशोधनावर विश्वास होता. भाबडाच होता तो, आणि हे मी त्याच्या फोटोला हार घातलेला असतानाही म्हणेन.

त्याला वेड एकच, शेतातल्या खेकड्यांचं. वैशाखरे गावाच्या खालच्या अंगाला एक वाडी आहे. तिथल्या बायका पावसाळ्यात ओहोळात, भाताच्या बांधांत हात घालून खेकडे धरतात. काही घरी शिजतात, उरलेले माळशेजच्या रस्त्याला टोपल्या मांडून विकतात. बायकांचा पावसाळ्यातला हातखर्च त्यावरच निघतो. मधू तिथे वर्षानुवर्षं जायचा. चपला हातात, पँट गुडघ्यापर्यंत, आणि खांद्याला शबनम. मग केव्हातरी ‘आंतरशाखीय’ हा शब्द आमच्याकडे येऊन पोचला, आणि अनुदान हवं असेल तर जीवशास्त्र, गणित आणि इंजिनिअरिंग यांनी एकत्र नांदायचं असं ठरलं. मधूचे खेकडे आयते मिळाले. विभागप्रमुखांनी स्वतःचं नाव पहिलं घातलं. कल्याणकडचा एक इंजिनिअर आला, तो बांधातून पाणी किती झिरपतं ते मोजायला नळ्या ठोकून गेला, आणि चिखलाने बूट खराब झाले म्हणून पुन्हा फिरकला नाही. गणितवाले पुण्याचे कुणी होते, त्यांनी मुरबाड नकाशात तरी पाहिलं होतं का कोण जाणे.

काम असं होतं, की वाडीच्या ओहोळात खेकडे किती ते मोजायचं. आता खेकडे काय रांगेत उभे राहून हजेरी देतात? म्हणून त्याला एक जुनी युक्ती आहे. डब्यात वाल किती आहेत ते न मोजता सांगायचं, तर मूठभर वालांना लाल रंग लावून परत डब्यात टाकायचे, डबा हलवायचा आणि पुन्हा एक मूठ काढायची. मुठीत लाल दाणे थोडे आले तर डबा भरलेला, पुष्कळ आले तर डबा तळाला गेलेला. बारावीच्या पोरालाही कळेल. मधूने रंग म्हणून नेलपॉलिश निवडलं. म्हसा गावच्या जत्रेत बांगडीवाल्याकडून लालभडक बाटली घेतली. मी बरोबर होतो. बांगडीवाला म्हणाला, ‘वैनींना शोभंल.’ मधू अगदी सरळ चेहऱ्याने म्हणाला, ‘वहिनींना नाही हो, चिंबोऱ्यांना.’ त्या माणसाने पैसे घेतले आणि आम्हाला लवकर वाटेला लावलं.

दोन पावसाळे मधू खेकड्यांच्या पाठीवर ठिपके देत फिरला. दुसऱ्या वर्षी जो तो खेकडा लाल ठिपक्याचा निघायला लागला. म्हणजे डबा तळाला गेलेला. पुण्याच्या गणिताने तेच सांगितलं, विभागप्रमुखांनी त्याला शेपूट जोडलं, की स्थानिक बायकांच्या बेसुमार पकडीमुळे खेकडे संपत चाललेत, आणि निबंध परदेशी नियतकालिकात छापून आला. कॉलेजच्या फाटकावर फ्लेक्स लागला. विभागप्रमुखांना बढती मिळाली, तरी आमच्या तोंडी ते विभागप्रमुखच राहिले. इंजिनिअरने तर ‘खेकड्यांअभावी बांधांचे आयुष्य’ असा दुसरा निबंध त्यातूनच काढला. आणि कुठल्याशा समितीने मूळ निबंध वाचून वाडीच्या तोंडाशी, रस्त्याकडेला फलक ठोकला: खेकडे पकडण्यास व विकण्यास सक्त मनाई. बायकांच्या टोपल्या उलट्या केल्या गेल्या. ज्यांनी केल्या त्यांच्या घरी त्या संध्याकाळी काय शिजलं, ते मी सांगायला नको.

मधूला हे लागलं. तो वाडीत जानकीबाईकडे गेला. ही तिथली कर्ती बाई, मधू नेहमी तिच्याच ओट्यावर चहा घ्यायचा. फलकाला न जुमानता ती अंगणात धरून आणलेले खेकडे निवडत बसली होती. एक उचलला, पाहिला आणि बाजूच्या मडक्यात टाकला. मधूने विचारलं, तो वेगळा का? तिने मान वर न करता सांगितलं, ‘ती तुमची हाय ना सर. जाताना व्हळात सोडीन.’

‘माझी?’

‘मंग? लाल खून कोनाची? आमी कोंबड्यांच्या पंखांना रंग लावतो तो कशाला? शेजारनीच्या कोंबड्यांत गेली तरी वलखावी म्हनून. दुसऱ्याच्या खुनेची आमी धरत नाय. सगल्या बायांना सांगून ठेवलंय, सरांच्या चिंबोऱ्यांना हात लावायचा नाय.’

मधूने मला हे फोनवर सांगितलं. सांगताना आधी खदाखदा हसला, मग म्हणाला, ‘तो वालांचा डबा आठव.’ कुणीतरी डब्यातले फक्त साधे वाल रोज आमटीला काढत होतं, आणि लाल तेवढे इमानाने परत टाकत होतं. मग मुठीत लाल येणार नाहीत तर काय? खेकडे संपत नव्हते. सगळं गणित, सगळे आलेख, तो फ्लेक्स, ती बढती, सगळं उभं होतं ते या बायकांनी परक्याची वस्तू उचलली नाही यावर. आणि त्याच बायकांना ओरबाडखोर ठरवून फलक लागला होता. मी मधूला म्हटलं, ‘झालं ना समाधान?’ तो म्हणाला, ‘पुन्हा मोजायला हवं.’

पुन्हा मोजणं सोपं नव्हतं. त्याने बायकांना परोपरीने सांगितलं, लाल खुणेच्या धरा, खा, विका, माझं काही म्हणणं नाही. त्या हो म्हणायच्या आणि सोडून द्यायच्या. सरांनी भिडेपोटी सांगितलं असेल, पण असं कुणाचं खायचं असतं का? शेवटी पुढल्या पावसाळ्यात मधूने खेकडा उलटा करून ठिपका पोटाला लावला. वरून दिसेना, तेव्हा सगळे सारखेच टोपलीत पडले. घरी साफ करताना बायकांना ठिपके दिसले तेव्हा त्या फार हसल्या. ‘सरांनी फशिवलं आमाला,’ म्हणाल्या. आणि आकडा आला तो भरल्या डब्याचा.

मग मधूने जे केलं, ते आमच्या कॉलेजच्या इतिहासात कुणी केलेलं नव्हतं. त्याने विभागप्रमुखांच्या केबिनमध्ये जाऊन सांगितलं, आपला निबंध चुकीचा आहे, मागे घेऊ. त्या वेळचा त्यांचा चेहरा मला पाहायला मिळाला नाही, ही हळहळ मला कायम राहील. ‘अहो, तुमची जानकीबाई काय संदर्भ म्हणून द्यायची का?’ असं ते म्हणाले म्हणे. इंजिनिअरने फोन उचलणं बंद केलं. पुण्याहून उत्तर आलं, की आमचं समीकरण बरोबर आहे. ते होतंच बरोबर. हिशेब चोख आणि डबाच भलता. मधूने एकट्याने नियतकालिकाला लिहिलं. तिकडून कळलं, सर्व लेखकांची संमती हवी. सर्व लेखक म्हणजे लग्नपत्रिकेतले ते सगळे आप्तेष्ट. त्यांनी संमती दिली नाहीच, उलट मधूचं डोकं फिरलंय अशी आवई उठवली. समितीने सांगितलं, निबंध आहे तोवर फलक आहे. म्हणजे निबंध हलला तरच फलक हलणार.

निवृत्तीनंतर मधू त्याच एका गोष्टीने पछाडलेला होता. निबंधावरून नाव काढायला तो तयार नव्हता. मी म्हणायचो, ‘काढ बाबा नाव आणि मोकळा हो.’ तो म्हणायचा, ‘नाव काढलं तर मी सुटेन. जानकीबाई नाही सुटणार.’ त्याच्याशी वाद घालण्यात अर्थ नव्हता. दर पावसाळ्यात वाडीत जायचा, ठिपके द्यायचा, मोजायचा, लिहायचा, आणि उत्तर नाही आलं की पुन्हा लिहायचा. मागल्या दोन वर्षांत दम लागायचा म्हणून ठिपके पुन्हा पाठीवरच द्यायला लागला, वळवळता खेकडा उलटा धरणं त्याला जमेना. ते आकडे कामाचे नाहीत, हे त्यालाही ठाऊक होतं. या पावसाळ्यातही जाऊन आला. आषाढात त्याचं हृदय थांबलं.

कॉलेजने शोकसभा घेतली. गेलो. मला बोलावलं नव्हतं, तरी पुढच्या रांगेत बसलो. प्रत्येक खुर्चीवर मधूचा ‘अजरामर’ निबंध छापून ठेवला होता, गुळगुळीत कागदावर, विभागप्रमुखांचं नाव ठळक. इंजिनिअरही आला होता, नवे बूट घालून. विभागप्रमुख म्हणाले, ‘हे काम म्हणजे मधुकररावांचा वारसा.’ मी उभा राहिलो आणि म्हटलं, ‘हे काम चुकीचं आहे असं मधू मरेपर्यंत लिहून सांगत होता, आणि ते तुम्हाला माहीत आहे.’ मग सूत्रसंचालक बाई म्हणाल्या, सरांच्या भावना आपण समजू शकतो. आणि समोसे वाटायला सुरुवात झाली. इतकी साधी लाजही न बाळगणारी माणसं मी बाजारातसुद्धा पाहिलेली नाहीत.

दिवसकार्य झाल्यावर एके दुपारी मी मुरबाडला मधूच्या घरी होतो. दारात जानकीबाई. वैशाखऱ्याहून एस.टी.ने आली होती, हातात झाकणाचं डबडं. सुनंदावहिनींनी, म्हणजे मधूच्या बायकोने, तिला आत घेतलं. ती बसली नाही. डबडं उघडून वहिनींपुढे धरलं. आत एकच खेकडा, पाठीवर लाल ठिपका.

‘व्हळात गावली. सर होते तवर सोडीत होतो. आता सर नाय, तर कोनाची म्हनायची? म्हनून तुमाला आनून दिली.’

वहिनी इतके दिवस रडल्या नव्हत्या, त्या तेव्हा रडल्या. मी खिडकीकडे तोंड करून उभा राहिलो. खिडकीच्या फळीवर म्हशाच्या जत्रेतल्या बाटलीची धाकटी भावंडं होती, शेवटची अर्धी, झाकणाशी वाळलेली.

वहिनींनी तो खेकडा मधूच्या खोलीत बादलीत ठेवला, दोन दगड आणि थोडं पाणी घालून. रोज भाताची शितं टाकायच्या. काही दिवसांनी त्यांचा घाबरा फोन आला, ‘भाऊजी, बादलीत दोन झाल्यात.’ गेलो. खेकड्याने कात टाकली होती. एका कडेला लाल ठिपक्याचं रिकामं कवच, नांग्यांसकट अख्खं, आणि दगडाखाली नवा कोरा मऊ खेकडा. विभागप्रमुखांना कळवलं असतं, तर संख्या दुप्पट झाल्याचा निबंध दिवाळीआधी छापून आला असता. हे मी वहिनींना म्हटलं आणि आम्ही दोघंही हसलो. मधू गेल्यापासून त्या घरात पहिल्यांदाच.

कवच आता फळीवर आहे, बाटलीशेजारी. वहिनी ते कुणाला हलवू देत नाहीत. खेकड्याची पाठ टणक झाल्यावर मी त्याच डबड्यात घालून त्याला वैशाखऱ्याला नेलं. जानकीबाई रस्त्याकडेला, फलकापासून हातभर अंतरावर, सागाची पानं झाकलेली टोपली घेऊन बसली होती. तिने खेकडा उचलला, पाठ पाहिली. उलटा केला, पोट पाहिलं.

‘कोनाची ही?’

‘कुणाची नाही.’

‘नक्की ना?’

‘नक्की.’

तिने एकदा फलकाकडे पाहिलं, मग पानं बाजूला सारली आणि खेकडा टोपलीत टाकला.