दारातलं सूप

पालघर जिल्हा नवा झाल्याला दोनेक वर्षं झाली असतील. डहाणूच्या कचेरीत मुलांसंबंधीच्या तक्रारींची चौकशी माझ्याकडे असे. दर पौर्णिमेला मी महालक्ष्मीच्या दर्शनाला जायची, पण त्या वर्षी तिथे मन लागेना. हात जोडलेले आणि डोक्यात कागद. गंजाडच्या एका पाड्यावर तीन वर्षांच्या मुलीला आई दिवसभर एकटी टाकून जाते, अशी तक्रार आली होती. पोर आईजवळ राहणार की बालगृहात जाणार, हे माझ्या अहवालावर ठरायचं होतं. मी एकदा जाऊन आले होते. कुडाच्या घरात पोर एकटीच मातीत खेळत होती, अंगावर फाटका झगा, आणि दारात सूप आडवं लावलेलं. आईने पोर कोंडली, अशी माझी खात्रीच पटली. ‘दुर्लक्ष’ असं लिहून मी मोकळी झाले. सही मात्र होईना. देवीला म्हटलं, आई, तूच काय ते सांग. ती नेहमीसारखी नुसती बघत राहिली.

पोरीच्या आईला एकदा भेटावं म्हणून मी पुन्हा पाड्यावर गेले. भातकापणीचे दिवस, ऑक्टोबरचं ऊन. दोन दिवस अंगात कणकण होती, पण ताठा असा की ताप आहे हे मी स्वतःलाही सांगितलं नव्हतं. त्याच घराच्या अंगणात डोळ्यांपुढे अंधारी आली. कुणीतरी मला धरून आत नेलं आणि गोणपाटावर निजवलं. कपाळावर गोंदण असलेली एक म्हातारी होती. “नीज बाय. मी पाणी आणतां. आमी हाव ना,” म्हणाली, आणि जाताना दारात सूप आडवं लावून गेली.

तशातही मला हसू आलं. आता मलाही कोंडलं म्हणायचं! सूप ते, पायाने ढकललं तरी पडलं असतं. सारवलेली भुई गार लागत होती, कुडाच्या फटींतून कवडसे हलत होते आणि ती पोर उशाशी बसून माझ्या बांगड्यांशी खेळत होती. थोड्या थोड्या वेळाने सुपावरून एक तोंड डोकावे. एकीच्या डोक्यावर भाताचा भारा होता. दुसरीने पोरीच्या हातात भाकरीचा तुकडा दिला. तिसरीने आत येऊन माझ्या कपाळावर ओला हात ठेवला. बायका निराळ्या होत्या, पण तापात मला एकच तोंड दिसत होतं, आणि ते मी दर पौर्णिमेला गाभाऱ्यात पाहत आले होते. मी रडले. बरं वाटून रडले.

उन्हं कलल्यावर पोरीची आई विळा घेऊन परतली. मी विचारलं, “हे सूप कशाला गं लावता?” एवढंही कसं कळत नाही, अशा नजरेने तिने माझ्याकडे पाहिलं. “घरात कोणी एकटां हाय, ते कळाया. जी वाटेने जाईल ती बघंल.” त्या गोंदणवाल्या म्हातारीचं विचारलं, तर हसून म्हणाली, “पाड्यात सगल्याच म्हाताऱ्या गोंदलेल्या!” मी अधिक खोदलं नाही.

पोर हडकुळी होती, हे मी लपवलं नाही. जुना कागद फाडला आणि लिहिलं, हिच्या पोटभर जेवणाची सोय करावी, आई बदलायची गरज नाही. पोर आईजवळच राहिली.

त्या संध्याकाळी घरी परतले तेव्हा माझी नऊ वर्षांची लेक बंद दाराआड टीव्हीसमोर बसली होती. शाळेतून आली की आतून लॅच लावायचं आणि कुणालाही उघडायचं नाही, असं मीच तिला बजावलं होतं. माझ्याविरुद्ध कधी तक्रार आली नाही. पगार आणि पक्कं दार असलं की त्याला काळजी म्हणतात. दुसऱ्या दिवशी घराची किल्ली मी शेजारच्या गुजराती बेनच्या हातात दिली. इतक्या वर्षांत तिच्याशी धड बोललेही नव्हते. किल्ली पदराला बांधत ती म्हणाली, “चिंता न करो बेन, हूं छुं ने.”

मी आहे ना. आई, दारात सूप दिसलं त्या पहिल्याच दिवशी तू सांगितलं असशील. ऐकायला मलाच उशीर झाला.