लिंबायतहून भागीरथी बोलतेय

सुरतेतल्या लिंबायतच्या त्या गल्लीत कानात सांगायची सोयच नव्हती. पॉवरलूमवर पंधरा वर्षं उभ्याने काढलेल्या माणसाचे कान असे बधिर होतात की त्याच्या बायकोला संसारातली गुपितं ओरडून सांगावी लागतात, आणि ओरडून सांगितलेलं गुपित कसलं राहतंय. भागीरथीचा नवरा दगा त्यातलाच. भाजीत मीठ कमी पडलंय एवढं त्याला सांगायचं तरी शेजारच्या घरांत हसू फुटायचं. वर हा बाबा ऐकलेलं वाक्य खात्री करून घ्यायला तितक्याच मोठ्याने परत म्हणायचा. गल्ली चेष्टा करायची आणि दगाही त्यांच्यासोबत हसायचा. हे आधीच सांगून ठेवलेलं बरं, कारण पुढे जे झालं त्यात दोष द्यायला कोणी शोधू लागलं तर हाताला एवढंच लागतं.

भागीरथी लग्न होऊन अमळनेरकडच्या एका खेड्यातून सुरतेत आली ती थेट कारखान्यातच. दगा लूमवर आणि ती बॉबिन, म्हणजे पोकळ नळ्या, सुताने भरायला. सुताचे बारीक तंतू छातीत बसून तिला कायमचा कोरडा खोकला लागला होता. पण आवाज खणखणीत. श्रावणात खानदेशी देवी कानबाईची गाणी म्हणायला बसली की लूमच्या खडखडाटात कमावलेला तो आवाज तीन गल्ल्यांपलीकडे जायचा. योगराज आणि वर्षा ही तिची दोन मुलं. योगराज बापावर गेलेला, आडदांड. वर्षा सहा वर्षांची, सांगितलेलं सगळं ऐकणारी. अशी मुलं आईबापाला फार आवडतात.

गाण्यांच्या स्पर्धेचं खूळ गल्लीत शिरलं ते १९९३ च्या उन्हाळ्यात. केबलवाल्या चेतनची छत्री एका रशियन उपग्रहाकडे तोंड करून होती, त्यामुळे न समजणारे कार्यक्रम फुकटात दिसायचे. त्यातलाच एक त्याने टेप करून ठेवला होता. एका रविवारी दुपारी सिनेमाची कॅसेट मशीनमध्ये अडकली आणि बायकांनी आरडाओरडा नको करायला म्हणून त्याने ती टेप लावून दिली. तो होता युरोव्हिजन. मोठी लढाई संपून दहा-अकरा वर्षं झाल्यावर, १९५६ साली, युरोपातल्या सात देशांनी मिळून ही स्पर्धा सुरू केली, आणि तेव्हापासून दर वर्षी एकेका देशाचं एकेक गाणं एकाच वेळी सगळ्यांच्या टीव्हीवर. चेतनला यातलं काही ठाऊक नव्हतं आणि बायकांनीही विचारलं नाही. गोरी माणसं गातात, एवढं पुरे होतं.

गाणी निम्म्या बायकांनी भाकरी थापता थापताच ऐकली. रंगत आली ती निकालाला. एकेका देशाला फोन लागायचा, तिकडून माणूस बोलायचा आणि गुण सांगायचा, कमी गुणांपासून वर चढत बारापर्यंत. स्वतःच्या देशाला गुण द्यायचे नाहीत हा नियम भागीरथीने आकड्यांवरून बरोबर ताडला आणि तिला तो फारच पटला. आपल्या पोरीचं कौतुक आपणच करायचं नाही, लोकांनी करायचं.

मग एका शहराला फोन लागला. लाइन खरखरत होती, माणसाचा आवाज विहिरीतून यावा तसा येत होता. त्या माणसाने नुसतं आपल्या शहराचं नाव घेतलं आणि अख्ख्या सभागृहात टाळ्या सुरू झाल्या. बातम्यांत ऐकलेलं चेतनने सांगितलं, हे सारायेव्हो, तिथे लढाई चालू आहे, शहराला वेढा पडलाय. गेल्याच डिसेंबरात सुरतेत जाळपोळ झाली होती, करफ्यूत दुधाविना दिवस काढले होते, त्यामुळे वेढा म्हणजे काय हे बायकांना फोड करून सांगावं लागलं नाही. भागीरथीच्या मनात मात्र वेढ्यापेक्षा त्या टाळ्या राहिल्या. आपण अडकलोय असं कोणी फोनवर सांगितलं की ऐकणारे थांबतात, असं तिने त्यावरून धरलं. चुकीचं धरलं, पण तिला कोण सांगणार.

पुढे ती टेप झिजेपर्यंत चालली. श्रावणात कानबाईच्या गाण्यांनाही बायकांनी तीच पद्धत लावली. एकेका गल्लीचं एक गाणं आणि मग गुण. गुण सांगायला भागीरथी उभी राहायची आणि वर्षा तिच्यापुढे एक प्लॅस्टिकची रिकामी बॉबिन धरायची, ती टेलिफोन म्हणून. "लिंबायतथीन भागीरथी बोलस," असं भागीरथीने सुरू केलं की पोरं टाळ्या पिटायची. वर्षाला त्या बॉबिनचा इतका लळा लागला की झोपतानाही ती तिच्या मुठीत असायची.

दुसऱ्या वर्षी गणपती बोळवले आणि दोन-तीन दिवसांतच प्लेगची बातमी फुटली. सकाळी कुजबुज होती, संध्याकाळी गल्लीतली निम्मी घरं कुलूप लावून गेली होती. औषधांची दुकानं लोकांनी रिकामी केली, कारखाने बंद झाले. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच लिंबायतमध्ये लूमचा आवाज नव्हता आणि तो नाही म्हणून लोकांना जास्त भीती वाटत होती.

वर्षाला राखीपासून हिवताप होता. दवाखान्यात रक्त तपासून झालं होतं, गोळ्या चालू होत्या, ताप दिवसाआड यायचा आणि गोळीने उतरायचा. घाबरण्यासारखं काही नव्हतं. पण त्या दिवसांत ताप कुठला हे कोण विचारणार? कपाळ गरम लागलं की माणसाला बाजूला काढत होते, आणि बाजूला काढलेला परत दिसत नाही अशी बोलवा होती. गोळ्या जवळ सापडल्या तरी लोक हिसकावून घेत, कसल्या का असेनात. तेव्हा भागीरथीने लूमवाल्या बायका करतात तेच केलं. या बायका मोलाची बारीक वस्तू रिकाम्या बॉबिनमध्ये सारतात आणि वर वाया गेलेल्या सुताचा बोळा ठोकतात. कोणी तिकडे ढुंकून बघत नाही. तिने वर्षाच्या सगळ्या गोळ्या तिच्या टेलिफोनात भरल्या, दोन्ही टोकांना बोळे घट्ट बसवले आणि गावी निघण्याआधी पोरीला समोर उभं केलं.

"यामा तुन्या गोळ्या शेतस. कोनले सांगू नको. बापलेबी नही. गाव उनं का मी सांगसू."

बापाला का नाही? बापाला सांगायचं म्हणजे सुरतेच्या उधना स्टेशनभर दवंडी पिटायची. 'काय? ताप? वर्षाना गोळ्या?' असं तो फलाटावर ओरडला असता आणि चौघांनाही गर्दीने गाडीखाली लोटलं असतं. दगाला आपली लेक तापते हे ठाऊक होतं, गोळ्या बायकोच्या पिशवीत असतील असं तो समजत होता. सगळे सोबतच तर निघाले होते.

उधन्याला भुसावळकडची गाडी आली तेव्हा फलाट दिसत नव्हता, नुसती माणसं. दगा योगराजला बखोटीला धरून कसाबसा आत घुसला. भागीरथीने वर्षाला खिडकीतून आत दिलं, दगाने ती घेतली. मग भागीरथी दाराकडे धावली. दार म्हणजे लोंबकळणारी माणसं होती. तिने दांडी धरली, कोणीतरी बोटांवर पाय दिला, ती सुटली, आणि गाडी हलली.

ती खिडकीबरोबर धावत सुटली. "बॉबिन," ती ओरडली. "बॉबिन, बॉबिन."

खिडकीतून दगाने मान बाहेर काढली. ऐकू आलं होतं त्याला, नेहमीसारखं त्याने परतही म्हटलं. "बॉबिन शे, बॉबिन शे तिनाजोडे. काळजी करू नको."

पोरीचं खेळणं राहिलं की काय म्हणून बायको धावतेय, असं त्याला वाटलं. 'गोळ्या' हा शब्द भागीरथीच्या ओठांवर आला होता. खिडक्यांतून घाबरलेले डोळे तिच्याकडे बघत होते, त्या डब्यात तिची पोर होती. तिने तो शब्द गिळला. गाडी पुढे गेली.

दुसऱ्या दिवशी ती परत उधन्याला गेली. या वेळी दारात पाय ठेवायला जागा मिळालीही, पण गर्दीत छाती दाबली गेली आणि तिला खोकल्याची उबळ आली. कारखान्यातला जुनाच खोकला. भोवतालची माणसं सरकली, मग चार हात पुढे आले आणि तिला फलाटावर ढकललं. कोणी शिवीसुद्धा दिली नाही. त्यानंतर गाडीचा नाद सोडून ती फोनच्या मागे लागली.

दगाच्या गावात फोन एकच, धुडकू शेठच्या किराणा दुकानात. इकडे शेजारच्या डिंडोलीत एक बूथ उघडा होता. बूथवाला नाकाला रुमाल बांधून बसलेला, प्रत्येक माणसानंतर रिसीव्हर फिनेलच्या फडक्याने पुसत होता. वर्षाच्या तापाची पाळी त्याच दिवशी होती.

"हॅलो, सुरतथीन भागीरथी बोलस. दगानी बायको."

पलीकडे गप्प. भागीरथीला वाटलं, ऐकताहेत. सुरतेचं नाव घेतल्यावर तेवढं थांबतीलच. मग खट् झालं आणि फोन बंद. तिने पुन्हा लावला. या वेळी धुडकू शेठ बोलला, पण रिसीव्हर तोंडापासून लांब धरून, जणू प्लेग तारेतून येतो. "आठे सुरतवालं कोनी नही. गावना बाहेर थांबाडेल शेतस. परत फोन करू नको." ते ऐकून तिला संताप आला, तावातावाने काही बोलायला गेली, पण पलीकडे कोणी नव्हतं.

म्हणजे दगाला आणि पोरांना गावाने आत घेतलं नव्हतं. नाल्यापलीकडच्या एखाद्या शेतातल्या खोलीत ठेवलं असणार. ज्या गावात दगाची नाळ पुरलेली, त्या गावाने. तिथे पोरीला ताप चढणार, आणि औषध तिच्याच मुठीत.

दोन दिवस ती लावत राहिली, घंटी वाजत राहायची. शेवटी तिसऱ्या सकाळी फोन उचलला गेला तेव्हा तिने आपल्या शहराचं नाव टाकून दिलं. अमळनेरहून बोलतेय म्हणाली, आवाज बारीक केला, आणि दगाच्या फुईला, म्हणजे आत्याला, सखुबाईला, बोलवायला सांगितलं. धुडकू शेठ फसला. थोड्या वेळाने पुन्हा लावल्यावर पलीकडे सखुबाई होती.

"फुई, मी भागीरथी. ठेवू नको. वर्षाना हातमा बॉबिन शे, तिनामा हिवतापन्या गोळ्या शेतस. दगाले माहीत नही. आतेच धाड कोनले तरी."



"आते कोनले धाडू, माय," सखुबाई म्हणाली. "परवदिन ताप चढना तो उतरनाच नही. पोर काल गयी."

"कोन व्हतं तिनाजोडे?"

"दगा व्हता. आम्हीन नालाना अलीकडे उभा व्हतूत. खड्डाबी त्यानीच खंदा." मग सखुबाईने आवाज खाली आणला. "गोळ्यासनं मी त्याले नही सांगस, भागीरथी. तूच सांगजो."

भागीरथीने रिसीव्हर ठेवला. बूथवाल्याने तो पुसून घेतला.

दगा आणि योगराज दिवाळी झाल्यावर परतले. तोवर लूम सुरू झाले होते, गल्ली भरली होती, चेतनने नवी कॅसेटही लावली होती. दगा वाळून गेला होता. भागीरथीने पाणी दिलं, त्याने ते घेतलं आणि भिंतीला टेकून बसला. या दिवसाची भागीरथीला धास्ती होती. न सांगता राहता येईल का, याचाही तिने विचार केला होता. जगाला कळायचं काही कारण नव्हतं. सखुबाई बोलणार नव्हती आणि गोळ्या पोरीच्या मुठीतच जमिनीत गेल्या असणार.

मग दगा आपल्या नेहमीच्या आवाजात सांगू लागला. ताप कसा चढला, नाल्याच्या पाण्याच्या पट्ट्या कशा ठेवल्या, कोण फिरकलं नाही. शेजारच्या अनुसयाच्या घरातलं भांड्यांचं वाजणं थांबलं. समोरच्या ओट्यावरच्या बायकाही गप्प झाल्या. त्याला त्याचं काही कळत नव्हतं.

"ती बॉबिन सोडेच ना," तो म्हणाला. "छातीले धरीसनी बठेल. मी इचारं, काय शे व यामा? तर म्हने, माय सांगी. दोनदाव इचारं. दोनीदाव तेच, माय सांगी. तशीच ठेवी मी तिनाजोडे." त्याने भागीरथीकडे पाहिलं. "काय व्हतं व तिनामा?"

भागीरथी उठून दारापर्यंत गेली. बाहेर सगळे ऐकत होते. दार लावून काही उपयोग नव्हता, त्या दाराने दगाचा आवाज कधी अडवला नव्हता आणि दगाला सांगायचं तर तिचाही अडवला नसता. ती परत येऊन त्याच्यासमोर बसली, आणि त्याला ऐकू जाईल एवढ्या आवाजात, सगळ्या गल्लीदेखत, पोरीला काय बजावलं होतं आणि बॉबिनमध्ये काय होतं ते तिने सांगितलं.