मूठभर गवताची तिथी

जंगल सत्याग्रहात आमच्या गावानं सरकारी रानात शिरून गवत कापलं. तेव्हापासून दर श्रावणात त्याच तिथीला गाव विळे घेऊन निघायचं. प्रत्येकानं मूठभर गवत कापायचं आणि घरी आणून आपल्या बैलाला चारायचं. सातपुड्याच्या पायथ्याला असा दिवस पाळणारं दुसरं गाव नव्हतं, आणि त्याचा आम्हाला भारी तोरा होता.

बेचाळीसच्या धरपकडीनंतर तो तोरा उतरला. पुन्हा गवत कापलं तर साऱ्या गावाला दंड, अशी दवंडी पिटली गेली. सरकार तिथी नव्हे, इंग्रजी तारीख धरायचं. तारखेला शिपाई आले, रानाच्या कडेला दिवसभर माशा मारत बसले आणि गेले. तिथी अजून यायची होती. तरीही पारावरच्या मिशाळ मंडळींनी ठरवलं, यंदा राहू द्या.

माझ्या आत्याचा नवरा त्या सत्याग्रहात पकडला गेला होता आणि तुरुंगातच तापानं गेला. खंड पडला तर तो माणूस पुसला जाईल, असं तिला वाटे. तिथीला सकाळीच तिनं विळा उचलला. माझ्या वडिलांनी बहिणीची वाट अडवली.

"गावाले दंड बसन, बाई."

"काऊन बसन? गाव थोडंच येऊन राह्यलं. मी एकटीच जाईन, अन् मीच सांगन का मले धरा."

तिनं जंगलाच्या नाकेदारासमोर बसून एक मूठ गवत कापलं आणि हात पुढे केले. नाकेदार आमच्याच गावचा, भला माणूस. पण नोकरी ती नोकरी. त्यानं तिला ठाण्यावर नेलं. तिथं जमादारानं गवत मुद्देमाल म्हणून मागितलं.

"घ्या जमा करून," ती म्हणाली. "पण सडू नका देऊ. घरी बैल वाट पाहून राह्यला."

मिशा असलेल्या एकालाही हे सुचलं नसतं. मला तिचा आजही अभिमान वाटतो.

हे सगळं आम्हाला नाकेदारानंच सांगितलं. दिवेलागणीला तो आमच्या अंगणात आला, तेव्हा आत्या कोठडीत होती. त्यानं सदऱ्याच्या खिशातून कोमेजलेलं गवत काढलं.

"कागदावर बाईचं एकटीचंच नाव हाये. जमादारानं अर्धं गवत ठेवलं. हे तुमच्या बैलाले."

वडिलांनी ते दोन्ही हातांनी घेतलं, बैलापुढं धरलं आणि आमच्या सगळ्यांदेखत ढसाढसा रडले.