खुंटीवरचा निळा सदरा

आमच्या बकारामला जवाहरनगरच्या कारखान्यात नोकरी लागली, आणि त्याच वर्षी त्यानं पेटीतले कपडे भाऊबंदांत वाटून टाकले. ठेवले फक्त दोन पांढरे सदरे नि दोन पायजामे. पगारदार माणूस असा का राहतो, याचं गावाला भारी कुतूहल. विचारलं तर म्हणे, "एक धुतला, एक घातला. तिसऱ्याले आंग कोठून आणू?"

मग खुंटीवर तो निळा टेरिकॉटचा सदरा कशाला? "तो गावाचा होय," एवढंच सांगायचा. खरंही होतं. गावातलं कोणीही पोरगी पाहायला निघालं की आधी बकारामकडे जायचं. एकोणऐंशी साली मीही गेलो. बाह्या लांब होत्या, त्या दुमडून घेतल्या.

लग्नानंतर माझी बायको शकुंतला सारखी विचारायची, "तो निळा सदरा काहून नाही घालत तुमी?" उसवला आहे, आटला आहे, असं मी काहीबाही सांगत राहिलो. एक दिवस ती बकारामकडे विरजण आणायला गेली, आणि तिला खुंटीवर तो सदरा दिसला. तिनं त्याच्या बायकोला विचारलं, "भाऊजी तुले पाहाले हाच घालून आले होते का वो?"

"नाही वो बाई. रोजचा पांढराच. म्हणाले, माह्याजवळ एवढंच आहे."

जेवताना शकुंतलानं मला हे सगळं सांगितलं.

"तिले पाहाले माणूस आला होता," ती म्हणाली. "मले पाहाले सदरा आला."