ओव्हनमध्ये वाळवलेली साल

माझ्या आत्याची मेंढरं मी मारली नाहीत, पण ती तिच्या दारातून गेली त्याला कारण मी आहे. हे घरात दोन-चारदा बोलून दाखवलं, तर सगळे म्हणाले, तू उगीच मनाला लावून घेतेस. कॉलेजात रसायनशास्त्र शिकवणाऱ्या बाईला कारण आणि परिणाम यांचा संबंध कळत नाही, असं त्यांना वाटतं की काय, कोण जाणे.

आम्ही पिंपरी पेंढारचे. आजोबांपर्यंत घरात मेंढरं होती. वडलांनी ती मोडली आणि कांदा, टोमॅटो धरला. आत्याला मात्र बेल्ह्याला दिली ती मेंढरांच्याच घरात. यजमान गेल्यावरही तिने वीस-पंचवीस मेंढरं राखली होती. पावसाळ्यात चिखलात उभं राहून मेंढरांचे खूर सडतात, घाण वास सुटतो, जनावर लंगडायला लागतं. त्यावर आत्याचं औषध होतं, शेवग्याच्या मुळाच्या सालीचं. बेल्ह्याच्या बाजारच्या दिवशी सकाळी टेम्पो आधी तिच्या दारात थांबायचा, लंगडं मेंढरू उतरायचं आणि मग गडी बाजारात जायचा. औषधाचे ती काही घेत नसे. "पावणं, च्या पिऊन जावा," म्हणायची. तिचं गावात जे काही वजन होतं ते या एका गोष्टीवर होतं.

माझं संशोधन झाडपाल्यातली उपयोगी द्रव्यं वेगळी काढण्याचं. पूर्वी आम्ही त्यासाठी पेट्रोलच्या जातकुळीतले द्रव वापरायचो. त्यांच्या वासाने डोकं धरायचं आणि उरलेलं कुठे ओतायचं हा प्रश्न असायचा. आता त्यांच्या जागी साधं पाणी आणि ध्वनिलहरी सोडणारं एक यंत्र. या पद्धतीला आम्ही 'हरित' म्हणतो, आणि म्हणताना नाकाने कांदेही सोलतो. मला वाटलं, सुरुवात आत्याच्या सालीपासून करावी. तिचं नाव होईल, माझाही पेपर होईल. खरं सांगायचं तर विचार उलट्या क्रमाने आला होता.

साल मागायला गेले तेव्हा आत्याने स्वतः खुरप्याने माती उकरली, एका बाजूचं बोटाएवढं मूळ काढलं आणि माती परत दाबली.

"न्हे की," ती म्हणाली. "पन ताजीच ठेच. वल्या फडक्याखाली झाकून ठिव. नाकात झोंबाया लागली का मग लाव. वाळवलीस तर नुसतं लाकूड व्हतंय त्याचं."

मी वहीत लिहून घेतलं: शेवगा, मुळाची साल, बेल्हे. एवढंच. फडकं आणि नाक मी लिहिलं नाही. ते मला म्हातारीचं बोलणं वाटलं.

प्रयोगशाळेत आमची एक ठरलेली रीत असते. आलेली वनस्पती धुवायची, ओव्हनमध्ये वाळवायची, दळायची, चाळायची. साल ओली असली तर वजन खरं लागत नाही, म्हणून आधी वाळवणं. हे इतकं अंगवळणी पडलेलं असतं की त्यावर कुणी विचार करत नाही. मीही केला नाही. ती पूड पाण्यात घालून यंत्रात धरली, पाणी गाळलं आणि सडक्या खुरावरून आणलेल्या जंतूंच्या बशीत त्याचा थेंब टाकला. औषधात दम असेल तर थेंबाभोवती जंतू मरून स्वच्छ गोल दिसतो. गोल दिसला नाही. शास्त्रात तीनदा करतात म्हणून मी तीनदा केलं. एकच चूक तीनदा केली की ती खरी वाटायला लागते, हे मला कुणी शिकवलं नव्हतं.

त्यानंतरच्या एका बाजारच्या दिवशी मी बेल्ह्याला गेले. आत्याच्या ओट्यावर चार-पाच गडी चहा पीत बसले होते. त्यांतल्या एका मेंढरांच्या व्यापाऱ्याने विचारलं, "ताई, तुमच्या लॅबमधी काय निघालं मग आमच्या म्हातारीच्या औषधात?"

मी म्हणू शकले असते की अजून काम चालू आहे. आम्ही संशोधक एरवी हेच वाक्य वर्षानुवर्षं म्हणत असतो. पण समोर चार माणसं होती, सगळे माझ्याकडे बघत होते आणि मला माझं शिक्षण मिरवायची हौस आली होती. "काही नाही निघालं," मी म्हणाले. "त्या सालीत तसं काहीच नाही. उगीच वेळ घालवू नका, डॉक्टरला बोलवून इंजेक्शन द्या."

व्यापारी हसला. "आयला, मंजी आमी इतकी वर्सं नुसताच च्या प्यालो!" त्यावर बाकीचेही हसले, मीसुद्धा हसले. आत्या गाळणीतला चोथा झटकत होती. तिने मला पुन्हा चहा हवा का ते विचारलं.

बोभाटा व्हायला काय लागतं? पुढच्या पावसाळ्यात टेम्पो तिच्या दारात थांबेनासे झाले. ते मी समजू शकते. मला जे कळलं नाही ते असं की तिने स्वतःच्या मेंढरांनाही ती साल लावणं सोडलं. डॉक्टरला निरोप गेला, पण त्यांना दहा गावं. ते यायचे तेव्हा तीन-चार जनावरं आणखी लंगडत असायची. काही मेली. दिवाळीनंतर आत्याने उरलेली मेंढरं बाजारात उभी केली. वडलांनी फोनवर सांगितलं तेव्हा मी म्हणाले, बरं झालं, या वयात कशाला तिला त्रास.

पुढच्या उन्हाळ्यात आई कैरीच्या लोणच्यासाठी मोहरी फेसायला बसली होती. मी मदतीला म्हणून मोहरी कढईत टाकायला निघाले, तशी ती ओरडली, "भाजतेस काय? भाजल्यावर चढेल कशी ती?"

मी हातातली वाटी धरून तशीच उभी राहिले. मोहरी कोरडी असते तेव्हा तिला वास नसतो. ठेचून पाणी लावलं की तिच्यातलं एक एन्झाइम जागं होतं आणि नाकात जाणारं ते तिखट द्रव्य तेव्हा तयार होतं. उष्णतेने ते एन्झाइम मरतं. शेवग्यातही हाच प्रकार चालतो. हे मी दरवर्षी वर्गात फळ्यावर लिहून देते. औषध सालीत आयतं नव्हतंच. ते ओल्या फडक्याखाली तयार होत होतं, आणि ते तयार करणारं एन्झाइमच मी ओव्हनमध्ये घालून मारलं होतं. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा.

ताजी साल आणली, ठेचली, ओल्या फडक्याखाली ठेवली, नाकात झोंबल्यावर पाण्यात घातली. बशीत थेंबाभोवती रुपयाएवढा स्वच्छ गोल उमटला. मला आनंद व्हायला हवा होता. मी स्टुलावर बसून रडले.

मोबाइलमध्ये त्या बशीचा फोटो घेऊन बेल्ह्याला गेले. वरातीमागून घोडं, पण न्यायला तर हवं. आत्या ओट्यावर शेंगा फोडत होती. मी तिला सगळं सांगितलं, माझी चूक काय झाली तेही. तिने फोटो लांब धरून बराच वेळ पाहिला.

"मंजी त्यात व्हतं?"

"होतं, आत्ते. तू सांगितलेलं सगळं बरोबर होतं."

"आन मी म्हनत व्हते," ती हळूच म्हणाली, "का इतकी वर्सं मेंढरं आपली आपनच बरी व्हत आसतील."

सालीत काही नाही असं दुसऱ्या कुणी सांगितलं असतं तर तिने त्याला हाकलून दिलं असतं. माझं तिने खरं मानलं, आपल्या डोळ्यांनी पाहिलेल्या आयुष्यापेक्षाही खरं. मी तिचे हात धरले आणि म्हणाले, "मी येत्या बाजारच्या दिवशी येते. त्या व्यापाऱ्याला, सगळ्यांना ओट्यावर बोलावते आणि माझ्या तोंडाने सांगते की मी चुकले होते."

तिने फोन माझ्या हातात परत दिला. "नगं बाय. लोक तुला हासतील. म्हनतील, येवढी शिकली आन येवढं समजलं न्हाई. माझं काय, माझं झालं."

मला हायसं वाटलं. दुसऱ्यांदा आग्रह करायला हवा होता, तो मी केला नाही. पेपर छापून आला, त्याचं कौतुकही झालं. बेल्ह्यात मात्र अजून कुणालाही मी सांगितलेलं नाही.