गवताला उजेड

भोरच्या बाजारात माझं कंदील दुरुस्तीचं दुकान आहे. कचेरीतले एक कारकून दर बाजाराच्या दिवशी येऊन माझं डोकं खायचे. घरी काचेच्या पेटीत त्यांनी नीरा नदीतले मासे अन् पाणगवत ठेवलं होतं. घर अंधारं, त्यामुळं गवत पिवळं पडून कुजत चाललेलं. त्या गवतासाठी त्यांना स्वस्तातला दिवा पाहिजे होता.

पेटत्या कंदिलाखाली तळहात धरून ते म्हणायचे, "पिवळट आहे हो मिस्त्री." गॅसबत्ती दाखवली तर, "फार तापते. मासे शिजतील. आणि परवडायचीही नाही."

"मग पेटी अंगणात ठेवा, रावसाहेब. ऊन फुकट हाय."

"मांजर आहे."

"मासे मांजराला देऊन टाका. तुमी सुटाल अन् मीबी."

ते हसायचे न्हाईत. प्रत्येक कंदील पुसून जागेवर ठेवायचे अन् काही न घेता जायचे. मी दोन बुकं शिकलेला, पण कंदिलावर गवत जगत न्हाई, हे म्या त्यांना शंभरदा सांगितलं.

एका बाजाराला आले अन् म्हणाले, "गवत हिरवं झालं." घरात त्यांच्या बैठकीवरच्या छपरात एकच काचेचं कौल होतं. त्याच्या उजेडात ते रोज पेपर वाचायचे. ते कौल काढून त्यांनी पेटीवरच्या छपरात बसवलं होतं.

आता रोज सकाळी ते माझ्या दारात बसून पेपर वाचतात. दुकानाला उजेड येतो तो तेवढ्या दारातनंच. ह्या वयात मी भर दिवसा कंदील लावून रॉकेलच्या गळक्या टाक्यांना कथलाचा डाग देतो, पण त्यांना उठा म्हणवत न्हाई.