हिराबाईचा टोप भंगारात चालला होता

गावातल्या बायांनो, आज दुपारी आमच्या घरात भांड्यांची परीक्षा झाली.

पोराने इंडक्शनची शेगडी आनलीय. तिच्यावर म्हने ज्यांना लोहचुंबक चिकटतं तीच भांडी चालतात. फ्रिजवरचं मॅग्नेट काढून तो एकेका भांड्याला लावत बसला. चिकटलं ते घरात, पडलं ते भंगारच्या पिशवीत. माझी पितळेची सगळी नापास.

मी म्हनलं, “मलापन लावून बघ. नाय चिकटलं तर टाक पिशवीत.”

सून तोंड दाबून हसली. पोरगा म्हनाला, “आई, ड्रामा नको. ही हिराबाई कोन? पिशवीतल्या टोपावर नाव कोरलंय.”

हिराबाई माझी चुलत सासू. माझ्या लग्नात तिने हा टोप दिला, रीतीप्रमाने स्वतःचं नाव कोरून. भारी खडूस बाई. कालवनात मीठ जास्त झालं तर चार घरांना ऐकू जाईल असं बोलायची.

पोराला सांगितलं, “तुला पहिली अंघोळ हिनेच घातली, याच टोपात पानी तापवून. तू रांगत होतास तेव्हा गेली. मूलबाळ नाय, भिंतीवर लावायला फोटोपन नाय. तिचं नाव आता या टोपावरच उरलंय.”

त्याने टोप पिशवीतून काढला, आपल्या शर्टानेच पुसला आनि विचारलं, “दिसायला कशी होती?”

मला नीट सांगताच येईना.

म्हनून विचारते, महापे गावात आमच्या जुन्या घराच्या आसपासच्या कोनाच्या लग्नाच्या फोटोत ती कडेला उभी असेल तर टाका इथे ग्रुपवर. हसरी बाई शोधू नका, सापडनार नाय.